टीएमपीनॅमची वॉर्निंग का जात नाही, आणि ती मुळापासून कशी घालवायची

लिनक्सवर सी कोड बिल्ड होत असताना अगदी शेवटच्या टप्प्यावर एक ओळ उमटते: टीएमपीनॅमचा वापर धोकादायक आहे, त्यापेक्षा एमकेएसटेम्प वापरा. टीएमपीनॅम हे तात्पुरत्या फाइलसाठी नुसतं नाव रचून देणारं फंक्शन, आणि एमकेएसटेम्प हे नाव रचून फाइलही लगेच उघडणारं. कोडमध्ये टेम्पनॅम किंवा एमकेटेम्प असेल तर त्यांच्या नावाने असाच मजकूर येतो. एमकेटेम्पच्या बाबतीत पर्याय म्हणून एमकेडीटेम्पही, म्हणजे तात्पुरती डिरेक्टरी बनवणारं फंक्शन, सुचवलेलं असतं. बिल्ड पूर्ण होतो, प्रोग्रॅम चालतो, त्यामुळे या ओळीकडे वर्षानुवर्षं कुणी बघत नाही. पुढे कधीतरी बिल्ड सर्व्हरचे नियम कडक होतात किंवा सुरक्षा तपासणीचा अहवाल हातात पडतो, आणि मग ओळ बंद करण्याची खटपट सुरू होते. सगळ्या वॉर्निंग बंद करणारा छोट्या डब्ल्यूचा पर्याय लावून होतो. कालबाह्य फंक्शनांच्या वॉर्निंग बंद करणारा पर्याय लावून होतो. त्या ओळीच्या आगेमागे जीसीसी कंपायलरचे डायग्नॉस्टिक प्राग्मा (कोडमध्येच लिहिलेल्या कंपायलरसाठीच्या सूचना) टाकून होतात. ओळ तिथेच राहते.

ती राहते, कारण ती कंपायलरची नाहीच. ती लिंकरची आहे, म्हणजे कंपाइल झालेल्या ऑब्जेक्ट फाइली आणि लायब्ररी जोडून प्रोग्रॅम बनवणाऱ्या साधनाची.

ग्लिबसी, म्हणजे लिनक्सच्या बहुतेक वितरणांमधली सी लायब्ररी, अशा प्रत्येक धोकादायक फंक्शनसाठी स्वतःच्या बायनरीत एक खास सेक्शन ठेवते. त्या सेक्शनचं नाव डॉट जीएनयू डॉट वॉर्निंग असं सुरू होतं आणि शेवटी फंक्शनचं नाव येतं. आत फक्त तो इशाऱ्याचा मजकूर असतो. तुमच्या एखाद्या ऑब्जेक्ट फाइलमध्ये त्या फंक्शनचा संदर्भ दिसला, की लिंकर तो मजकूर जसाच्या तसा छापतो. तुम्ही फंक्शन कसं वापरलंय, नाव घेतल्यावर फाइल काळजीपूर्वक उघडलीय का, यातलं त्याला काहीही कळत नाही. संदर्भ आहे, एवढंच तो पाहतो. गेट्स या फंक्शनबद्दलचा प्रसिद्ध इशाराही याच वाटेने येतो.

खात्री करायची असेल तर बिल्डचे दोन टप्पे वेगळे करा. आधी फक्त ऑब्जेक्ट फाइल बनवा, म्हणजे -सी हा पर्याय देऊन. सगळ्या वॉर्निंग चालू ठेवल्या तरी टीएमपीनॅमबद्दल अवाक्षर निघणार नाही. मग ती ऑब्जेक्ट फाइल लिंक करा. आता ओळ दिसेल.

यातून दोन गोष्टी निघतात आणि दोन्ही लोकांना चकवतात. वॉर्निंगना एरर मानायला सांगणारा डब्ल्यू-एरर पर्याय या ओळीला लागू होत नाही, म्हणून कडक बिल्डमधूनही ती निसटते. उलट लिंकरला फेटल-वॉर्निंग्ज हा पर्याय पोचवलेला असेल तर हीच ओळ बिल्ड पाडते. एका मशीनवर बिल्ड होतो आणि दुसऱ्यावर पडतो, अशी तक्रार आली की आधी लिंकरला जाणारे पर्याय दोन्हीकडे सारखे आहेत का ते बघावं.

संदर्भ नेमका कुठे आहे

वॉर्निंगच्या ओळीतच ऑब्जेक्ट फाइलचं नाव, फंक्शनचं नाव आणि टेक्स्ट सेक्शनमधलं हेक्स अंतर असतं. त्या हेक्स आकड्यावरून ओळ शोधत बसू नका. कोड -जी देऊन पुन्हा कंपाइल करा. डिबग माहिती मिळाली की लिंकर सरळ सोर्स फाइल आणि ओळ क्रमांक सांगतो.

सोर्समध्ये शोधूनही काही सापडत नसेल तर वापर बहुधा एखाद्या मॅक्रोआड किंवा लिंक केलेल्या स्टॅटिक लायब्ररीत आहे. एनएम ही सिंबॉल (म्हणजे फंक्शनांची वगैरे नावं) दाखवणारी कमांड मोठ्या ए-च्या पर्यायासह सगळ्या ऑब्जेक्ट फाइलींवर आणि आर्काइव्हवर, म्हणजे स्टॅटिक लायब्ररीवर, चालवा आणि निकालात ग्रेपने टीएमपीनॅम शोधा. जिथे नावाआधी मोठं यू अक्षर आहे, ती फाइल हे फंक्शन बाहेरून मागते. मोठ्या ए-मुळे प्रत्येक ओळीपुढे फाइलचं आणि आर्काइव्हमधल्या सदस्याचं नाव येतं. पन्नास सदस्यांच्या आर्काइव्हमध्ये याच्याशिवाय काम होत नाही.

आवाज बंद करण्याचे मार्ग

हे मार्ग आहेत, पण त्यांनी काय होतं ते आधी समजून घ्या.

जीएनयू लिंकर ज्या संचात येतो त्या बिनयुटिल्सच्या २.४० आवृत्तीपासून त्याला सगळा मजकूर बंद करायचा पर्याय मिळाला. अडचण अशी, की तो एका वॉर्निंगपुरता नाही. तो सगळ्या वॉर्निंग आणि एररचे संदेशही गिळतो आणि फेटल-वॉर्निंग्ज रद्द करतो. जे बायनरी चालणार नाही हे माहीत असूनही बनवायचं आहे, तसल्या प्रसंगासाठी तो आहे. रोजच्या बिल्डमध्ये तो लावला की उद्याची खरी लिंकिंगची चूकही शांतपणे निघून जाईल.

दुसरा मार्ग म्हणजे डीएलसिमने फंक्शनचा पत्ता प्रोग्रॅम चालताना मिळवणं. लिंकरला संदर्भ दिसत नाही, ओळ जाते. धोका होता तिथेच राहतो, आणि आता एनएमलाही तो सापडत नाही. हे करू नका.

लायब्ररी बदलली की ओळ आपोआप जाते हेही खरं. मसल या दुसऱ्या सी लायब्ररीत हे इशारे नाहीत, त्यामुळे अल्पाइन लिनक्सच्या कंटेनरमध्ये तोच कोड निमूट लिंक होतो. ओळ नाही म्हणून कोड सुरक्षित झाला असा अर्थ काढू नये.

इंटरनेटवरचे सल्ले एकमेकांशी जुळत नाहीत याचं कारण प्लॅटफॉर्म. मॅकओएसवर टीएमपीनॅमची घोषणा हेडरमध्येच कालबाह्य म्हणून खुणावलेली आहे, त्यामुळे तिथे क्लँग हा कंपायलर कंपाइल करतानाच ओरडतो आणि कालबाह्य फंक्शनांचा पर्याय बंद केला की गप्प बसतो. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरवर सी४९९६ क्रमांकाची वॉर्निंग येते आणि सीआरटी सिक्युअर नो वॉर्निंग्ज हा मॅक्रो दिला की जाते. तिथे सुचवलेलं टीएमपीनॅम_एस बफरची लांबी तपासतं, एवढंच. नाव आणि फाइल यांच्यातली फट त्यातही तशीच असते. शिवाय ग्लिबसीत ते फंक्शन नाही. मॅक किंवा विंडोजसाठी दिलेलं उत्तर लिनक्सवर चिकटवलं की काहीच होत नाही, ते यामुळे.

ही फट नेमकी काय आहे

टीएमपीनॅम फाइल बनवत नाही. ते एक नाव रचतं, त्या नावाची फाइल सध्या नाही एवढं पाहतं आणि अक्षरमाला परत देतं. मग तुमचा कोड एफओपनने ती फाइल उघडतो. या दोन क्रियांच्या मध्ये मशीनवरचा दुसरा कोणताही प्रोसेस तेच नाव बळकावू शकतो.

/टीएमपी डिरेक्टरीची परवानगी सर्वसाधारणपणे १७७७ असते. कुणीही तिथे फाइल बनवू शकतो. पुढचा १ म्हणजे स्टिकी बिट. त्यामुळे दुसऱ्याची फाइल पुसता किंवा तिचं नाव बदलता येत नाही. नवं काही बनवायला मात्र तो अडवत नाही. हल्लेखोराने नेमक्या त्या नावाची सिमलिंक, म्हणजे दुसऱ्या फाइलकडे नेणारा दुवा, ठेवली आणि ती तुमच्याच एखाद्या महत्त्वाच्या फाइलकडे वळवली, तर लिहिण्यासाठी उघडणारा एफओपन त्या लिंकच्या मागे जातो आणि ती फाइल रिकामी करतो. प्रोग्रॅम रूट म्हणून चालत असेल तर नुकसान कुठवर जाईल याला मर्यादा नाही. दुसरी तऱ्हा जास्त शांत आहे: हल्लेखोर स्वतःच्या मालकीची, सगळ्यांना लिहिता येईल अशी साधी फाइल आधीच ठेवतो. तुमचा प्रोग्रॅम त्यात गोपनीय मजकूर लिहितो, कुठेही एरर येत नाही, आणि मालक तो वाचतो.

आजच्या ग्लिबसीत नावातली शेवटची सहा अक्षरं यादृच्छिक असतात. ६२ चिन्हांतून सहा, म्हणजे सुमारे ५,६८० कोटी शक्यता. अंदाज बांधणं सोपं नाही. जुन्या अंमलबजावण्यांत मात्र नाव प्रोसेस क्रमांकावरून बनायचं आणि ते सहज ओळखता यायचं. लिनक्स कर्नलनेही मदत केली आहे. आवृत्ती ३.६ पासून सिमलिंकसाठी संरक्षण आहे: स्टिकी, सर्वांसाठी खुल्या डिरेक्टरीत परक्याने ठेवलेल्या लिंकच्या मागे कर्नल जात नाही. ४.१९ मध्ये साध्या फाइली आणि फिफो (नाव असलेले पाइप) यांच्यासाठीही तसेच पर्याय आले. पण हे सिसीटीएलचे, म्हणजे चालू कर्नलच्या सेटिंगमधले, पर्याय आहेत. ते चालू ठेवणं वितरणाच्या आणि प्रशासकाच्या हातात आहे. सी कोड कुठल्या मशीनवर कंपाइल होईल हे लिहिणाऱ्याच्या हातात नसतं, म्हणून सुरक्षितता कोडमध्येच हवी.

एमकेएसटेम्पची खुबी एकाच गोष्टीत आहे. ते नाव रचतं, आणि ते मोकळं आहे का हे पाहणं व फाइल बनवून उघडणं ही दोन्ही कामं ओ_क्रिएट व ओ_एक्सक्ल या दोन खुणांसह एकाच सिस्टिम कॉलमध्ये करतं. त्या नावाचं काहीही आधीपासून असेल, मग ती कुठेही न पोचणारी सिमलिंक का असेना, तर कर्नल नकार देतो आणि एमकेएसटेम्प पुढचं नाव घेऊन पुन्हा प्रयत्न करतं. मध्ये फटच उरत नाही. पॉसिक्स या युनिक्स मानकाच्या २००८ च्या आवृत्तीने एमकेटेम्प काढून टाकलं आणि टीएमपीनॅम, टेम्पनॅम यांना मावळतीच्या यादीत घातलं, ते याच कारणाने. शेलमधली एमकेटेम्प ही कमांड वेगळी आहे. ती फाइल स्वतः बनवून मगच नाव सांगते, म्हणून स्क्रिप्टमधून ती काढायची गरज नाही.

कुठे काय बसवायचं

सगळीकडे डोळे मिटून एमकेएसटेम्प टाकणं हा या दुरुस्तीतला सर्वांत मोठा गैरसमज आहे. आधी कोडला विचारा: इथे नाव हवंय, की फक्त लिहायला-वाचायला जागा हवीय?

जुन्या कोडमध्ये बहुतेक ठिकाणी नुसती जागा हवी असते. एल_टीएमपीनॅम लांबीचा बफर, टीएमपीनॅम, एफओपन, काम, एफक्लोज, रिमूव्ह अशी साखळी दिसते आणि नावाचा बाकी कुठे उपयोग नसतो. तिथे टीएमपीफाइल पुरेसं आहे. ते डब्ल्यू-प्लस-बी पद्धतीने उघडलेला स्ट्रीम देतं आणि स्ट्रीम बंद झाला की फाइल आपोआप नाहीशी होते. जिथे शक्य आहे तिथे ग्लिबसी त्यासाठी लिनक्स ३.११ मध्ये आलेला ओ_टीएमपीफाइल वापरते. मग फाइलला डिरेक्टरीत नावच नसतं आणि प्रोग्रॅम अर्ध्यात मेला तरी कचरा मागे राहत नाही. परत आलेला पॉइंटर नल नाही ना, हे तपासायला विसरू नका. डिस्क भरली असेल तर तो नल येऊ शकतो. एक मर्यादा लक्षात घ्या: ग्लिबसीतलं टीएमपीफाइल टीएमपीडीआयआर हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल पाहत नाही, नेहमी /टीएमपीतच जातं. फेडोरात आणि डेबियन १३ पासून /टीएमपी मेमरीत, म्हणजे टीएमपीएफएसवर असतं. काही जीबीचा मधला डेटा साठवणाऱ्या प्रोग्रॅमसाठी ही जागा चुकीची आहे. तिथे /व्हार/टीएमपीत एमकेएसटेम्प वापरावं.

नाव खरंच लागत असेल तर एमकेएसटेम्प. लिहिताना क्रम असा ठेवा. टेम्प्लेट कॅरेक्टरच्या ॲरेमध्ये घ्या. त्याच्या शेवटी सहा मोठे एक्स हवेत. ॲरे एमकेएसटेम्पला द्या. परत आलेला पूर्णांक म्हणजे डिस्क्रिप्टर, उघड्या फाइलचा क्रमांक. तो वजा १ असेल तर लगेच एररनो (एररचा क्रमांक) बघा आणि थांबा. स्ट्रीम हवा असेल तर त्याच डिस्क्रिप्टरवर एफडीओपन करा. एफडीओपन फसलं तर डिस्क्रिप्टर बंद करून फाइल अनलिंक करा, नाहीतर दोन्ही गळतात. त्यानंतर नावाने पुन्हा एफओपन करू नका. पुष्कळ दुरुस्त्यांत एमकेएसटेम्पनंतर जुना एफओपन तसाच राहिलेला दिसतो. वॉर्निंग गेलेली असते, डिस्क्रिप्टर गळत असतो, आणि फाइल पुन्हा नावाने उघडण्याची मूळ सवय तशीच असते.

नावाला विशिष्ट शेपूट लागत असेल, समजा एखादं साधन एक्स्टेन्शन बघूनच फाइल ओळखतं, तर ग्लिबसी २.११ पासून एमकेएसटेम्प्स आहे. त्याला शेपटाची लांबी टिंबासकट मोजून द्यायची. एमकेएसटेम्पलाच शेपूट असलेला टेम्प्लेट दिला तर शेवटचे सहा एक्स सापडत नाहीत आणि आयनव्हॅल (अवैध आर्ग्युमेंट) एरर येते.

नाव दुसऱ्या प्रोग्रॅमला द्यायचं असेल, आणि फाइल तोच बनवणार असेल, तर एमकेएसटेम्पही बरोबर बसत नाही. अनेक साधनं आउटपुट फाइल पुसून नव्याने बनवतात किंवा शेजारी आणखी फाइली टाकतात. अशा वेळी एमकेडीटेम्पने ०७०० परवानगीची खासगी डिरेक्टरी बनवा आणि आत हवी ती साधी, ठरावीक नावं वापरा. त्या डिरेक्टरीत इतर सामान्य वापरकर्ते शिरूच शकत नसल्याने आतल्या नावांचा अंदाज आला तरी बिघडत नाही. काम झाल्यावर आधी आतल्या फाइली अनलिंक करायच्या, मग आरएमडीआयआर. पथ जोडून सिस्टिम फंक्शनने आरएम चालवण्याचा शॉर्टकट घेऊ नका, त्यातून दुसरंच भोक पडतं.

चौथा प्रसंग कॉन्फिगरेशनची फाइल बदलण्याचा: नवा मजकूर तात्पुरत्या फाइलमध्ये लिहून मग रिनेम. इथे टेम्प्लेट मूळ फाइलच्याच डिरेक्टरीत हवा. /टीएमपी वेगळ्या फाइलसिस्टिमवर असेल तर रिनेम एक्सडेव्ह देऊन फसतं. रिनेमपूर्वी एफफ्लश आणि एफसिंक करा.

आर्काइव्ह दुसऱ्याचं आणि सोर्स हाताशी नाही

स्टॅटिक लायब्ररी कुणीतरी बांधून दिलेली आहे आणि टीएमपीनॅम तिच्या पोटात आहे, अशा वेळी बरेच जण हात टेकतात. उपाय आहे. आर्काइव्हची प्रत घ्या आणि ऑब्जकॉपी या साधनाच्या रिडिफाइन-सिम पर्यायाने टीएमपीनॅम या सिंबॉलचं नाव बदलून तुमच्या फंक्शनचं नाव द्या. ऑब्जकॉपी आर्काइव्हमधल्या सगळ्या सदस्यांवर काम करतं. मग त्या नावाचं, तीच सही (पॅरामीटर आणि परतीचा प्रकार) असलेलं फंक्शन लिहा: पहिल्या हाकेला एमकेडीटेम्पने खासगी डिरेक्टरी बनवायची आणि दर वेळी त्या डिरेक्टरीतलं एक नवं, क्रमांक असलेलं नाव परत द्यायचं.

इथे दोन बारकावे आहेत. मूळ फंक्शनला नल दिला तर ते स्वतःच्या स्टॅटिक बफरमध्ये नाव देतं. तुमच्यालाही तसंच करावं लागेल. आणि हाक मारणाऱ्याने स्वतःचा बफर दिला असेल तर तो फक्त एल_टीएमपीनॅम लांबीचा असतो. ग्लिबसीत ती लांबी २० आहे. पथ त्यात शेवटच्या शून्यासह मावला पाहिजे, म्हणून डिरेक्टरीचं नाव अगदी आखूड ठेवा. /टीएमपी आणि तिरकी रेघ मिळून पाच अक्षरं, सहा एक्स, पुन्हा एक रेघ. मग उरतात क्रमांकासाठी सात आणि शेवटचं शून्य. पुरतं. प्रोग्रॅम संपताना डिरेक्टरी रिकामी करून काढायची जबाबदारीही आता तुमची. टेम्पनॅम असेल तर सही वेगळी आहे आणि परत येणारं नाव मॅलॉकने घेतलेलं असावं लागतं, कारण हाक मारणारा ते फ्री करतो.

यात वॉर्निंगही जाते आणि फटही बुजते. लायब्ररी देणाऱ्याला कळवणं मात्र सोडू नका.

दुरुस्तीनंतर उगवणाऱ्या अडचणी

एमकेएसटेम्पची घोषणा सापडत नाही. सी९९ किंवा सी११ असं काटेकोर मानक निवडलं की एसटीडीलिब हेडर एमकेएसटेम्प आणि एमकेडीटेम्प लपवतं. कुठल्याही इन्क्लूडच्या आधी _पॉसिक्स_सी_सोर्स हा मॅक्रो २००८०९एल असा परिभाषित करा, किंवा मानकाचं जीएनयू रूप निवडा. मॅक्रो इन्क्लूडच्या खाली गेला तर त्याचा काही परिणाम होत नाही, आणि ही चूक फार होते. २०२४ मध्ये आलेल्या जीसीसी १४ पासून घोषणा नसलेलं फंक्शन ही सरळ एरर आहे. त्याआधीच्या आवृत्त्या वॉर्निंग देऊन पुढे जायच्या, आणि एमकेडीटेम्पच्या बाबतीत ते घातक ठरतं. घोषणा नसली की कंपायलर परतीचा प्रकार पूर्णांक धरतो, ६४ बिटांच्या पॉइंटरचे वरचे ३२ बिट जातात, आणि प्रोग्रॅम भलत्याच ठिकाणी कोसळतो.

पहिल्याच हाकेला सेगमेंटेशन फॉल्ट येतो. टेम्प्लेट स्ट्रिंग लिटरलकडे बोट दाखवणारा पॉइंटर आहे. एमकेएसटेम्प त्या सहा एक्सवर लिहितं, आणि लिटरल केवळ वाचण्याच्या मेमरीत असतं. पॉइंटरचं चिन्ह काढून चौकोनी कंसांचा ॲरे करा. एवढा बदल पुरतो.

पहिल्यांदा चालतं, दुसऱ्यांदा आयनव्हॅल. लूपमध्ये तोच ॲरे पुन्हा दिला आहे. पहिल्या हाकेतच एक्सच्या जागी खरी अक्षरं आली, आता टेम्प्लेट उरलेला नाही. प्रत्येक फेरीत तो नव्याने भरा. एसएनप्रिंटएफने पथ जोडताना बफर तोकडा पडला तरीही हीच एरर दिसते, कारण शेवटचे एक्सच कापले जातात. एसएनप्रिंटएफचं परतीचं मूल्य बफरच्या लांबीशी ताडून बघा.

दुसऱ्या सेवेला फाइल वाचता येत नाही. पूर्वी एफओपनने बनणारी फाइल यूमास्कप्रमाणे (नव्या फाइलीच्या परवानग्या कापणारं सेटिंग) सहसा ०६४४ असायची, एमकेएसटेम्पची ०६०० असते. वेब सर्व्हर वाचतो ती फाइल रिनेमच्या मार्गाने बदलली की अचानक परवानगी नाकारली जाते, आणि लोक एमकेएसटेम्पला दोष देऊन मागे फिरतात. मजकूर लिहून झाल्यावर, रिनेमच्या आधी, डिस्क्रिप्टरवर एफसीएचमॉड करून हवी ती परवानगी जाणीवपूर्वक द्या.

चाइल्ड प्रोसेसकडे डिस्क्रिप्टर जातो. फोर्क आणि एक्झेक करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये तात्पुरती फाइल उघडी राहून पुढच्या प्रोग्रॅमच्या हाती पडते. ग्लिबसी २.७ पासूनच्या एमकेओएसटेम्पला ओ_क्लोएक्झेक देता येतं. त्यासाठी _जीएनयू_सोर्स लागतं. नंतर एफसीएनटीएलने खूण लावणं एकाच थ्रेडच्या प्रोग्रॅममध्ये चालतं. अनेक थ्रेड असतील तर मधल्या क्षणात दुसऱ्या थ्रेडने फोर्क केलेला असू शकतो.

/टीएमपीत फाइली साचतात. एमकेएसटेम्प फाइल पुसत नाही. नावाची गरज संपली की लगेच अनलिंक करा. डिस्क्रिप्टर उघडा असेपर्यंत डेटा वापरता येतो. ॲटएक्झिटवर भिस्त ठेवू नका, अबॉर्ट किंवा सिगकिलच्या वेळी ते चालतच नाही. सिग्नल हँडलरमधून अनलिंक करायला मात्र हरकत नाही, ते तिथे सुरक्षित मानलेलं आहे.

टीएमपीडीआयआरचा मान ठेवायचा असेल तर सेटयूआयडी, म्हणजे फाइलच्या मालकाच्या अधिकारांनी चालणाऱ्या, प्रोग्रॅममध्ये साधं गेटएन्व्ह वापरू नका. सिक्युअर_गेटएन्व्ह अशा वेळी नल देतं, मग /टीएमपी धरायचं. ज्याने प्रोग्रॅम सुरू केला त्याच्या एन्व्हायर्नमेंटवर वाढीव अधिकारांनी विश्वास ठेवायचा नसतो.

तपासणी साधनं तरीही ओरडतात

काही स्थिर विश्लेषकं, म्हणजे कोड न चालवता तपासणारी साधनं, एमकेएसटेम्पवरही बोट ठेवतात: आधी यूमास्क घट्ट केला नाही म्हणून. या आक्षेपाला इतिहास आहे. ग्लिबसीच्या २.०६ आणि त्याआधीच्या आवृत्त्यांत फाइल ०६६६ परवानगीने बनायची, इतर काही जुन्या युनिक्सवरही तसंच होतं. आजच्या ग्लिबसीवर ०६०० पक्कं आहे, म्हणून तिथे हा आक्षेप कारण नोंदवून बाजूला ठेवता येतो. नियमच पाळायचा असेल तर हाकेआधी यूमास्क ०७७ करून नंतर पूर्ववत करा. पण यूमास्क संपूर्ण प्रोसेसचा असतो, त्यामुळे त्याच वेळी दुसरा थ्रेड फाइल बनवत असेल तर तिची परवानगी बदलेल. अनेक थ्रेडच्या प्रोग्रॅममध्ये प्रोसेस सुरू होतानाच एकदा यूमास्क ठरवणं बरं. तपासणी अहवालात सीडब्ल्यूई (सॉफ्टवेअरमधल्या कमजोऱ्यांची प्रमाणित यादी) ३७७ असा क्रमांक दिसला तर तो असुरक्षित तात्पुरत्या फाइलींचा, आणि ३६७ हा तपासणी व वापर यांच्यातल्या फटीचा.

खरंच गेलं का, आणि परत येऊ नये म्हणून

बायनरीवर एनएम मोठ्या डीच्या पर्यायासह चालवा, म्हणजे डायनॅमिक सिंबॉल दिसतील. त्यात टीएमपीनॅम, टेम्पनॅम आणि एमकेटेम्प नसावेत. मग एसट्रेस या सिस्टिम कॉल दाखवणाऱ्या साधनाने ओपनअ‍ॅट हाका बघा. तात्पुरत्या फाइलच्या ओळीत ओ_एक्सक्ल आणि ०६००, किंवा ओ_टीएमपीफाइल दिसलं पाहिजे. त्याच नावाची दुसरी ओपनअ‍ॅट दिसली, तर कुठेतरी जुना एफओपन राहिला आहे.

पुढच्या विलीनीकरणात कुणी पुन्हा टीएमपीनॅम आणू नये म्हणून ग्लिबसीवरच्या बिल्डमध्ये लिंकरला फेटल-वॉर्निंग्ज द्या. मात्र हे लिंकरवर आणि लायब्ररीवर अवलंबून आहे. त्याहून चांगला पहारा कंपायलरचा आहे: प्रकल्पाच्या सामाईक हेडरमध्ये जीसीसीचा पॉइझन प्राग्मा लिहा आणि त्यापुढे टीएमपीनॅम, टेम्पनॅम, एमकेटेम्प ही तीन नावं द्या. त्यानंतर सोर्समध्ये यातलं कुठलंही नाव आलं की ओळ क्रमांकासह एरर येते, क्लँगमध्येही आणि मसलवरही. प्राग्माची ओळ एसटीडीआयओ आणि एसटीडीलिब या इन्क्लूडच्या खालीच हवी, नाहीतर प्रणालीच्या हेडरमधल्या घोषणाच एरर देतील. सी++ फाइली त्याच प्रकल्पात असतील तर सीएसटीडीआयओही त्या ओळीच्या वर घ्या, कारण ते हेडर टीएमपीनॅमचं नाव एसटीडी नेमस्पेसमध्ये आणतं.